वहिवाट

चऱ्होलीच्या पुढे अडीच गुंठ्यांचा तुकडा दाखवायला
सुभेदार कोंढाळकरांना मी गाडीतून नेलं.
दापोडीला सुरुंगाचं काम शिकलेला माणूस,
पेन्शनीनंतर नऊ वर्षं कुठल्या संस्थेबरोबर
आधी लंकेच्या उत्तरेला, मग अंगोलात.
हे नंतर कळलं.
आधी दिसलं ते एवढंच, की गिऱ्हाईक गाडीतून उतरलंय
आणि डांबर सोडत नाहीये.

मी आपला चालू :
पूर्वाभिमुख, एनए, विमानतळ वीस मिनिटं,
सातबारा कोरा करकरीत,
इतर हक्कात एक ओळ नाही.

ते गवताकडे बघत होते.
‘इथून कोण जातं?’

कोणी नाही साहेब, म्हटलं, एकदम मोकळी जागा.
तर त्यांचा चेहरा असा झाला
जसा आमच्या धंद्यात
‘कोर्टात केस आहे’ ऐकल्यावर होतो.

‘एवढ्या हिरव्या चाऱ्यात शेळी शिरत नसेल,’ म्हणाले,
‘तर शेळीला काहीतरी ठाऊक असतं.’

मग गाडीला टेकून सांगत बसले.
मीटरभर रुंदीची पट्टी, दोन्हीकडे काठ्या,
पांढरं टोक तपासलेलं, लाल टोकापलीकडे कुणी नाही.
आधी गवत कात्रीनं, हजामासारखं.
यंत्र कुणकुणलं की पोटावर पडून
बाजूनं माती खरवडायची, वरून कधीच नाही.
निघायचं काय?
मासळीच्या डब्याचं झाकण. सायकलची कडी.
शंभरदा झाकण.
एकशेएकाव्यांदा झाकणच असेल
असं म्हणणारा एक होता, म्हणाले,
आणि पुढचं नाही बोलले.

दिवसाला किती व्हायचं? मी सवयीनं विचारलं.
‘आठ चौरस मीटर. दिवस चांगला असेल तर.’
मनात फूट केले. पंच्याऐंशी.
एक न्हाणीघर आणि जरा बाल्कनी.
ह्या तुकड्याला महिना गेला असता
एका माणसाचा, गुडघ्यांवर.
मी तो सकाळपासून तीन जणांना दाखवला होता.

टोळीत मलरविळी नावाची बाई होती.
नवऱ्याचा पाय ज्या रानात गेला
तेच रान तिच्या वाट्याला आलेलं.
साफ झालं, मांडव पडला, साहेबांनी कागद दिला,
टाळ्या झाल्या,
आणि गावातलं कोणी आत पाऊल टाकेना.
सही होती, शिक्का होता.
सहीवर कोण चालतं?
तेव्हा तिनं चपला काढल्या. आरपार गेली.
परत आली. पुन्हा गेली.
अकरा वेळा मोजलं ह्यांनी. गवत निजलं.
मग एक म्हातारी रिकामी घागर घेऊन
तिच्या पावलात पाऊल टाकत विहिरीकडे निघाली.

आता खरं सांगायचं तर
उत्तरेच्या कोपऱ्यातून एक पायवाट जाते.
वीटभट्टीवरच्या बायका, शाळेची पोरं.
मी दाखवली नव्हती.
वहिवाट निघाली की भाव पडतो,
म्हणून तारेचे खांब आणूनच ठेवले होते.

त्यांनी स्वतः हुडकली.
कडेला उकिडवे बसले, तळवा टेकवला,
घट्ट, गुळगुळीत, गवताचं पातं नाही,
मधोमध एका लहान चपलेचा तुटलेला अंगठा.
आणि तिथं, पहिल्यांदा, माणूस डांबरावरून खाली उतरला.
असा चालला जसं कुणी
स्वतःच्या स्वयंपाकघरात अंधारात चालतं.

‘तार घालू नका. भाव पूर्ण देतो.’

साहेब, घर आडवं येईल.

‘घर वाकडं बांधू.’

वकील हसला. पण ओळ घातली कागदात :
उत्तरेकडून पाच फूट, येण्याजाण्याचा हक्क, कोणाचाही.
माझं कमिशन मिळालं.

त्या संध्याकाळी मात्र ते गेल्यावर
गाडी समोर होती, वीस पावलांवर, मध्ये नुसतं गवत,
रोज तुडवतो तेच.
उभा राहिलो जरा.
मग पायवाटेनं वळसा घालून आलो.